ओसीएलमधला 'कॉन्टेक्स्ट': संदर्भ म्हणावं का?

कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: ओसीएल, म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज या सॉफ्टवेअरच्या मॉडेलवरचे नियम लिहायच्या भाषेत, नियमाच्या वर 'कॉन्टेक्स्ट'ची ओळ असते; तिला मराठी टिपणात 'संदर्भ' म्हटलं तर चालेल का, आणि मॉडेलची आकृती समोर असताना ती ओळ लिहायचीच कशाला?

'संदर्भ' चालेल. फक्त एवढं ध्यानात असू दे, की इथं संदर्भ म्हणजे नुसती पार्श्वभूमी नव्हे. नियम कोणाविषयी बोलतोय, ते ही ओळच ठरवते.

दूध व्यवसायाचंच मॉडेल घेऊ. गावातल्या प्राथमिक संस्थेचे सभासद म्हणजे दूध घालणारे शेतकरी. गोकुळसारख्या जिल्हा संघाचे सभासद मात्र या संस्थाच. आता 'सेल्फ.सभासद->इजयुनिक(क्रमांक)' हा नियम पाहा. 'सेल्फ' म्हणजे नियम ज्याच्याविषयी आहे तो, आणि 'इजयुनिक' म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक वेगळा हवा. वर 'कॉन्टेक्स्ट संस्था इन्व्ह:' असेल ('इन्व्ह' म्हणजे कायम खरी राहायला हवी अशी अट), तर एका संस्थेत दोन शेतकऱ्यांना एकच क्रमांक नको, असा अर्थ. कागलच्या संस्थेत बारा नंबर आणि शिरोळच्या संस्थेतही बारा, तरी काही बिघडत नाही. वर 'कॉन्टेक्स्ट संघ इन्व्ह:' लिहा, की तोच नियम संस्थांच्या क्रमांकांवर बोलू लागतो आणि शेतकरी त्यातून बाहेर पडतात. खालचं अक्षरही बदललेलं नाही!

'सेल्फ' गाळलं तरी ओसीएलला चालतं, कारण नियम कोणाविषयी ते वरची ओळ सांगतेच. मराठीतही आपण कर्ता अध्याहृत ठेवतोच. पण नुसतं 'गेले' ऐकलं, तर एखादी बाई स्वतःविषयी सांगतेय की कोणा वडीलधाऱ्यांविषयी, ते कसं कळणार? (कोल्हापुरी बाई 'गेलो' म्हणते, त्यामुळं आपल्याकडं हा प्रश्न कमी येतो.)

आता ओळ का लिहायची ते. ओसीएल १९९७ मध्ये यूएमएल १.१ चा भाग झाली; यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची प्रमाण पद्धत. आकृतीत नियमाची नोट तुटक रेषेनं क्लासला (म्हणजे 'संस्था'सारख्या चौकटीला) जोडली असेल, तर कॉन्टेक्स्टची ओळ गाळायला मुभा आहे. नियम वेगळ्या फाइलमध्ये गेले, की ती रेषा राहत नाही, म्हणून ओळ हवीच. क्लासऐवजी ऑपरेशनचा, म्हणजे क्लासच्या एखाद्या कामाचा, कॉन्टेक्स्ट दिला, तर प्री आणि पोस्ट (कामाआधीच्या आणि कामानंतरच्या) अटी लिहिता येतात. कामाआधीचं मूल्य सांगणारं '@प्री' फक्त पोस्टमध्ये चालतं.

'सेल्फ'चा मराठी शब्द शोधत बसू नका. 'कॉन्टेक्स्ट स : संस्था' असं नाव देऊन पुढं 'स.सभासद' लिहिता येतं. संस्था आणि संघ, दोघांचे नियम एकाच फाइलमध्ये असले, तर वाचणाऱ्याला हेच सोपं पडतं.