पोहण्याच्या स्कॉलरशिपसाठी थांबवलेलं ४०१(के)

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीत आहे, गणित आणि फिजिक्समध्ये हुशार. लहानपणापासून क्लबमध्ये पोहते, ब्रेस्टस्ट्रोक तिचा आवडता. एमआयटी किंवा कार्नेगी मेलनला इंजिनिअरिंग करायचं तिच्या मनात आहे. क्लबची फी, खासगी कोच, मीट्ससाठीची विमानं-हॉटेलं, साडेचारशे डॉलरचा रेसिंग सूट असं सगळं मिळून वर्षाला २५ हजार डॉलर जातात. आता कॉलेजच्या कोचशी गाठ घालून देणारी एक रिक्रूटिंग एजन्सी आणखी ४ हजार मागते आहे. त्यांचा प्रश्न: ‘अजून दोन वर्षं हा खर्च केला, तर स्कॉलरशिपमधून भरून निघेल ना?’

नाही निघणार. एमआयटी, कॅलटेक, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, हार्वी मड या सगळ्यांचं पोहणं एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) डिव्हिजन थ्रीत, म्हणजे तिसऱ्या गटात आहे, आणि त्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला नियमानेच बंदी आहे. प्रिन्स्टन, कॉर्नेल डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात आहेत, पण त्यांची आयव्ही लीगही खेळासाठी पैसे देत नाही. मिळते ती उत्पन्न बघून दिलेली मदत, आणि ती न पोहणाऱ्या मुलीलाही तेवढीच मिळते.

खेळाचा उपयोग होतो तो प्रवेशासाठी. डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच मुलीचे मार्क ॲडमिशन ऑफिसला आधीच दाखवून अंदाज घेतो. एमआयटीत कोच शिफारस करू शकतो, पण त्याच्या हातात जागा नसतात. आणि कोच बघतो ते टायमिंग. ते नेटवर कुणालाही दिसतं. टीमच्या साइटवरचा फॉर्म फुकट भरता येतो. एजन्सीला आजच नाही म्हणा.

आता मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या ता. क. ची. ‘मीट्सचा खर्च झेपावा म्हणून तीन वर्षांपूर्वी ४०१(के) थांबवलं. कॉलेजची चिंता नाही, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका ओळखीच्यांकडून आययूएल घेतलं आहे, महिना १,५०० डॉलर.’ ४०१(के) म्हणजे पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत, आणि आययूएल म्हणजे शेअर निर्देशांकाशी परतावा जोडलेली आयुर्विमा पॉलिसी.

तुमचा पगार दीड लाख डॉलर. ४०१(के)त तुम्ही भराल तेवढीच रक्कम कंपनीही पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत घालते, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. तीन वर्षांत साडेबावीस हजार तुम्ही कंपनीकडेच सोडून दिले. आययूएलमध्ये ५४ हजार भरलेत, आणि आज पॉलिसी सरेंडर केली तर हातात येतील ३१ हजार. म्हणजे आणखी २३ हजार गेले. दोन्ही मिळून पंचेचाळीस हजारांच्या वर, आणि पोहण्याच्या खर्चात हे कुठेच धरलेलं नाही.

तुम्ही पाठवलेलं इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीत पुढे किती पैसे होतील याचा तक्ता, मी नीट वाचलं. एजंटने उजवीकडच्या रकान्यावर पिवळं हायलायटर फिरवलंय. तो रकाना गॅरंटी नसलेला. डावीकडच्या गॅरंटीड रकान्यात पॉलिसीच्या २४व्या वर्षी शून्य आहे. ही कॉलेजची बचत नव्हे, हा महागडा आयुर्विमा आहे. परताव्यावरची कमाल मर्यादा कंपनी बदलू शकते आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढतो. पाच-सहा वर्षांत पैसे लागणार असलेल्या माणसाला ही पॉलिसी विकणं चुकीचंच होतं.

‘फाफ्सात ती धरत नाहीत’ हे एजंटचं म्हणणं खरं आहे; फाफ्सा म्हणजे कॉलेजच्या मदतीसाठीचा सरकारी अर्ज. पण ४०१(के)मधली शिल्लकही धरत नाहीत, राहतं घरही नाही. ५२९ या कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातल्या शंभर डॉलरमागे पालकांकडून फार तर साडेपाच-सहा डॉलरची अपेक्षा धरतात. एवढ्यासाठी २३ हजार घालवायचे?

पुढच्या पगारापासून ५ टक्के ४०१(के)त जाऊ द्या, म्हणजे महिना ६२५. दहा लाख डॉलरची वीस वर्षांची टर्म पॉलिसी घ्या. तब्येत ठीक असेल तर तुमच्या वयाला साधारण महिना सव्वाशे. ती हातात आल्यावरच आययूएल सरेंडर करा, आधी नको. भरलेल्यापेक्षा कमी मिळत असल्याने त्यावर कर लागणार नाही. उरलेले साडेसातशे ५२९मध्ये. २०२८च्या ऑगस्टपर्यंत सरेंडरचे ३१ हजार धरून पन्नासेक हजार जमतील. एमआयटीचा एका वर्षाचा पूर्ण खर्च ९० हजारांच्या घरात आहे, तेव्हा हे पुरेसं नाहीच. पण तिथे २०२५पासून साधारण मालमत्ता असलेल्या, दोन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ आहे. तुमचं दोघांचं २ लाख ३० हजार आहे, थोडीफार मदत मिळू शकते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा. शनिवारी दोघं बसून पाच कॉलेजांचे आकडे काढा. २०२८-२९च्या फाफ्साला २०२६चं उत्पन्न लागेल, हेही ध्यानात असू द्या.

ते आकडे आणखी एका कारणासाठी लागतील. कार्नेगी मेलन, हॉपकिन्स, हार्वी मडचे कोच बहुधा ‘अर्ली डिसिजनने अर्ज कर’ म्हणतील. तो अर्ज बंधनकारक असतो, मग दुसऱ्या कॉलेजची मदत किती मिळते हे ताडून बघता येत नाही. आकडा झेपत असेल तरच हो म्हणा. एमआयटीचा अर्ली अर्ज बंधनकारक नाही.

क्लब सोडायला मी सांगत नाही. पहाटे पाचला ती आपणहून उठून पाण्यात उतरते, असं तुम्हीच लिहिलं आहे. क्लबची फी भरत राहा. खासगी कोच आणि लांबच्या मीट्स मात्र तिच्याशी बोलून ठरवा, आणि त्या वेळी ४०१(के) का थांबवलं होतं तेही तिला सांगा.