ड्यूक २०० साठी बाहेरचा स्वस्त रेडिएटर घ्यावा का? घ्यायचा तर काय बघून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी २०१५ ची केटीएम ड्यूक २००, बडोद्यात मांजलपूरहून हलोलला रोजची ये-जा, पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं रेडिएटर गळायला लागला. मेकॅनिक म्हणतो कंपनीचाच टाका, आणि ऑनलाइन त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत नवा मिळतोय. घ्यावा का?

घ्या. फक्त जाहिरातीत जे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं त्यावरून निवडू नका. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे रेडिएटरसारख्या वस्तूंच्या कामात आहे, ॲल्युमिनियमचे कोअर (रेडिएटरची मधली जाळी) रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विकणारे सगळे थंड करण्याबद्दल बोलतात. जाड कोअर, जास्त फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या), रेसिंग क्वालिटी वगैरे. माझ्या पाहण्यात स्वस्त रेडिएटर थंड करायला क्वचितच कमी पडतो. दोनशे सीसीच्या इंजिनाला लागतो त्याहून थोडा जास्तच मोठा तो बहुधा असतो. तो हरतो जोडांवर: कॅप बसते ते तोंड, फ्रेमला धरणारे कान, पाइप चढतो ती नळी.

यामागचं कारण कारखान्यात आहे. नळ्या आणि फिन एकमेकांवर रचून अख्खा कोअर नायट्रोजन भरलेल्या भट्टीत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतात. नळीवरचा सिलिकॉनयुक्त पातळ थर ५७७ अंशांना वितळायला लागतो आणि सांधा भरतो (यालाच ब्रेझिंग म्हणतात), आणि खालचं ॲल्युमिनियम ६४० च्या पुढे वितळतं. मधली जागा अरुंद आहे. भट्टी कमी तापली तर फिन नळीला नुसती टेकून राहते, जास्त तापली तर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळीच खाल्ली जाते. हे काम आता चीनमधले आणि आपल्याकडचे लहान कारखानेही बऱ्यापैकी करतात, कारण ते यंत्र करतं. तोंड आणि कान मात्र नंतर माणूस हातानं वेल्ड करतो, आणि स्वस्त मालात वेळ वाचवला जातो तो तिथेच.

म्हणून पार्सल उघडल्यावर आधी तोंड बघा. वेल्डिंगची रेघ पूर्ण गोल, अखंड हवी. टाकीला (कोअरच्या कडेच्या पेटीला) टेकणाऱ्या मागच्या बाजूला, जिथे टॉर्च नीट पोचत नाही, तिथे बारीक टाचणीएवढी भोकं राहतात. मग तुमची जुनी कॅप त्यावर बसवून बघा. कॅपच्या आत स्प्रिंगवर रबराची चकती असते आणि ती तोंडाच्या आतल्या कडेवर दाबून बसते. वरच्या काठापासून त्या आतल्या कडेपर्यंतची खोली नकलेत मिलिमीटरभर जरी जास्त झाली, तरी स्प्रिंग पुरेशी दबत नाही. कॅप बाहेरून घट्ट फिरते, आतून मात्र दाब धरत नाही. शेवटच्या वेढ्याला हाताला स्प्रिंगचा स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो जाणवला नाही तर रेडिएटर परत पाठवा, कितीही चकचकीत असो.

हा दाब इतका महत्त्वाचा का, तेही सांगतो. कॅपवर आकडा छापलेला असतो, बऱ्याच बाइकवर १.१ (बार, म्हणजे दाबाचं माप) असतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही, आणि निम्मं-निम्मं कूलंट असेल तर १३० च्या आसपास. दाब धरला नाही की पाणी शंभरीलाच उकळतं. मांडवीच्या गर्दीत फॅन सुरू होतो तेव्हा कूलंट शंभरीच्या आसपासच असतं. म्हणजे उत्तम कोअर असूनही कॅपच्या जागेवरून गाडी तापते, कूलंट मागच्या छोट्या टाकीत फेकलं जातं, आणि मालक म्हणतो की डुप्लिकेट रेडिएटर थंड करत नाही.

फिनचीही एक परीक्षा आहे. नखानं हलकेच दोन-चार ठिकाणी फिन सरकवून बघा. ब्रेझिंग झालेली फिन वाकेल, पण नळीवरून घसरणार नाही. सुटी सरकली, तर उष्णता नळीतून फिनमध्ये जाणारच नाही.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी, जी घरी होते आणि गाडीला रेडिएटर लावायच्या आधी करायची. पाइपच्या एका नळीवर जुन्या होजचा (रबरी पाइपचा) तुकडा चढवून त्यात लाकडी खुंटी ठोका, क्लिप आवळा. दुसऱ्या नळीवर तसाच तुकडा लावून त्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बांधा. कॅप लावा. रेडिएटर पाण्याच्या टबात पूर्ण बुडवा आणि सायकलच्या हातपंपानं हवा भरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर अजिबात नेऊ नका. त्याचा दाब शंभर पीएसआयच्या वर असतो आणि एका झटक्यात कोअर फुगतो. १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय. टायरच्या गेजनं मोजत तिथवर जा आणि पाच-दहा मिनिटं बघत राहा. तोंडाभोवती, कानांच्या मुळाशी, नळी टाकीत शिरते तिथे बुडबुडे येतात का? सुरुवातीला फिनमध्ये अडकलेली हवा सुटते, ती सोडून द्या. एकाच जागेवरून माळेसारखे येत राहिले तर ती गळती. आणखी थोडी हवा भरली की कॅपशेजारच्या बारीक नळीतून बुडबुडे यायला हवेत, म्हणजे कॅप ठरल्या दाबाला उघडते. १२ ला उघडली तर कॅप किंवा तोंडाची खोली चुकली. एकाच टबात रेडिएटर आणि कॅप दोन्ही तपासून होतात. पार्सल उघडतानाचा आणि या चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवा. परत करताना वाद होत नाही.

मापांचं थोडक्यात. जुना रेडिएटर काढून शेजारी ठेवा. कानांच्या भोकांमधलं अंतर, नळ्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं, नळीच्या टोकाला उंचवटा आहे की नाही (तो नसेल तर दाबाखाली होज घसरतो), आणि फॅनचे स्क्रू बसायच्या जागा. मॉडेलचं वर्षही नीट बघा. २०२० मध्ये ड्यूक २०० ची बांधणी बदलली, त्यामुळे नुसतं ‘ड्यूक २०० साठी’ लिहिलेलं पुरत नाही. फॅनचे स्क्रू जुनेच वापरा. सोबत आलेले लांब असले तर आत शिरून थेट नळीला भोक पाडतात. कानातले जुने रबरी बुश आणि त्यांच्या आतली धातूची नळीही नव्यात घाला. एका सिलिंडरच्या इंजिनाचं कंपन थेट ॲल्युमिनियमवर आलं तर कान मुळातून तडकतो. या दोन गोष्टींनी नव्या रेडिएटरची जेवढी वाट लागते, तेवढी उन्हानं लागत नाही.

जाड कोअर घेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असल्यामुळे मोठ्या रेडिएटरनं इंजिन गार पडत नाही, ती भीती नको. अडचण जागेची. पुढचा फोर्क पूर्ण दबला की चाक आणि मडगार्ड मागे येतात. जाड कोअर तिथे घासला तर तुमच्या हलोल रोडच्या पहिल्याच खड्ड्यात काम तमाम. जेवढी जाडी मूळची, तेवढीच घ्या.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र मनात ठेवा. रेडिएटर किती उष्णता टाकतो ते कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश धरलं, तर जानेवारीच्या पहाटे १५ अंशांच्या हवेत हा फरक ८० असतो, आणि मे महिन्यात ४२ अंशांत ५३. म्हणजे तोच रेडिएटर बडोद्याच्या मे महिन्यात दोन-तृतीयांशच काम करतो. थंडीत बसवून ‘झकास चालतो’ असा निकाल लगेच देऊ नका. बसवल्यावर एकदा पावागढला माचीपर्यंतचा घाट दुपारी, दुसऱ्याला मागे बसवून, हळू गिअरमध्ये चढा. तिथे मीटरवरचं तापमान शांत राहिलं तर गावातल्या गर्दीची चिंता नाही.

आता पैसे खर्च करायच्या आधीच्या दोन गोष्टी.

एक, गळती नेमकी कुठे आहे? कडेच्या टाकीला किंवा नळीच्या मुळाशी असेल तर आर्गन वेल्डिंगनं ती कायमची बंद होते. आपल्या गावात या कामाची माणसं सापडतात. ट्रक-ट्रॅक्टरचे रेडिएटर बनवणारी बॅन्को प्रॉडक्ट्स १९६१ पासून इथलीच, पादरा रोडवर बिल गावाजवळ, आणि मकरपुऱ्यात ॲल्युमिनियमवर हात बसलेले वेल्डर आहेत. मात्र जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला कथलाचा डाग मारणाऱ्याकडे हे नेऊ नका, ॲल्युमिनियमवर तो डाग धरत नाही. जाळीच्या मधल्या नळीला खडा लागला असेल तर वेल्डरला ती पातळ नळी जाळल्याशिवाय सांधता येत नाही. तेव्हा ती एक नळी दोन्ही टोकांना बंद करून टाकणं हा मार्ग असतो, आणि एक-दोन नळ्या बंद झाल्यानं फारसं बिघडत नाही. एपॉक्सीचा लगदा घरी पोचण्यापुरता ठीक. गळती बंद करणारी पावडर मात्र कूलंटमध्ये टाकू नका. बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की पावडर भोकाआधी त्याच बुजवते.

दोन, गाडी तापतही असेल, तर दोष सगळा गळतीचा आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा तुमची गाडी पाण्यात होती का? त्या पुराचा गाळ फिनमध्ये बसून सिमेंटसारखा झालेल्या गाड्या मी त्यानंतर कितीतरी दिवस बघत होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मागे फॅनच्या बाजूला हवाच पार होत नाही. फॅनच्या मोटरचा बेअरिंगही त्याच गाळानं जड फिरतो. इंजिनच्या बाजूनं पुढे, साध्या पाइपच्या धारेनं धुवा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर जेट फिन आडव्या करून टाकतो. नवा रेडिएटर आणून त्यावर तोच जड फॅन लावलात तर पैसे वाया. फॅन लावताना तारांची अदलाबदल होऊ देऊ नका. ड्यूकचा फॅन समोरून हवा ओढून मागे फेकतो. उलटा फिरला तर समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. फॅन चालू असताना जाळीसमोर कागदाचा तुकडा धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

बसवण्याआधी नवा रेडिएटर आतून दोन-तीनदा गरम पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून धुवा. आत ब्रेझिंगची पांढरी पूड आणि कटिंगचे कण असतात, ते कूलंटमध्ये मिसळून चिकट गाळ होतो. भरायला बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार नळ्यांत थर धरतो. कूलंट तयार मिश्रणाचं असेल तर त्यात पाणी घालू नका. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. नुसतं घट्ट कूलंट जास्त थंड करेल असं समजू नका, उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. बडोद्यात आपल्याला गोठण्याची भीती नाही, कूलंट हवं ते ॲल्युमिनियम गंजू नये आणि पंपाचा सील टिकावा म्हणून. भरताना इंजिन थंड, कॅप उघडी, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, ती थोडी उतरलेली असतेच. काढलेलं जुनं कूलंट गल्लीत ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

किमतीबद्दल एक सांगायचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, आधी बऱ्याच पार्टवर तो २८ होता. मेकॅनिकनं जुना भाव सांगितला असेल तर शोरूमच्या पार्ट काउंटरवर आजचा भाव विचारा. फरक निम्म्याहून जास्तच राहिला तर बाहेरचा घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून कंपनीची नवी कॅप, दोन्ही होज आणि क्लिपा घ्या. दहा वर्षांच्या गाडीवर होज आतून भेगाळलेले असतात, आणि नव्या नळीवर जुना कडक होज नीट बसतही नाही. फरक थोडाच असेल तर मूळचाच टाका. सेकंडहँड मी घेऊ देणार नाही. भंगारात येणाऱ्या बहुतेक गाड्या पुढून धडकलेल्या असतात, आणि पुढून पहिला मार रेडिएटरलाच बसतो.

भोक जाळीच्या मधोमध आहे की कडेच्या टाकीला, त्याचा जवळून काढलेला फोटो इथे टाकाल का? टाकीला असेल तर आर्गन करून बघा, कदाचित नवा घ्यायची वेळच येणार नाही.