आनंदी माणसं नेमकं काय वेगळं करतात?

तुमचा हा प्रश्न वाचला आणि दादाचा फोन आठवला.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी बढती नाकारून अर्धवेळ काम घेतलं आणि दोन वर्षं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दादा लांब असायचा. एकदा फोनवर म्हणाला, "आयुष्य वाया घालवते आहेस. सुखी तरी आहेस का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. झोप नव्हती, आदल्याच दिवशी बाबांवर ओरडले होते आणि मग दार लावून रडले होते.

उत्तर खूप नंतर सापडलं. सुखाचा अभ्यास करणारे दोन वेगळे प्रश्न विचारतात. एक, काल दिवसभर कसं वाटलं? दुसरा, शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, सगळ्यात वर तुम्हाला शक्य असलेलं उत्तम आयुष्य. तुम्ही कितव्या पायरीवर? ही शिडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. देशांच्या सुखाची क्रमवारी दरवर्षी लागते तीही हिच्यावरूनच, काल कोण किती हसलं यावरून नाही. पहिल्याला मी "वाईट" म्हटलं असतं. दुसऱ्याला आठवी पायरी. सकाळी खिडकी उघडायला गेले की बाबा डाव्या हाताने माझं बोट धरून ठेवायचे, बराच वेळ. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ज्याला 'युडेमोनिया', म्हणजे खरं सुख, म्हणतो तेही मनःस्थितीचं नाव नाही, आयुष्य कसं जगलात त्याचं आहे.

म्हणून सकाळी उठून अमुक करा, तमुक लिहा, असल्या याद्यांवर माझा विश्वास नाही. जे टाळलं तर पुढे स्वतःलाच तोंड दाखवता येणार नाही, ते आधी करा.

हां, पैशाचं काय? लागतोच. 2010 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या लोकांच्या उत्तरांवरून सांगितलं की वर्षाला सुमारे 75,000 डॉलरच्या पुढे रोजचं बरं वाटणं वाढत नाही. 2023 मध्ये काहनेमन यांनीच सुखाचे संशोधक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्यासोबत ते दुरुस्त केलं: बहुतेकांचं वाढतच राहतं. दुसऱ्या वर्षी रात्रीची परिचारिका ठेवली, तिचा पगार दादानेच दिला. ती नसती तर मी कोसळले असते. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

पण त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा होता. माझं हे म्हणणं आजही बदललेलं नाही.