विजय नावाची पंचवीस माणसं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याच नावाची, म्हणजे विजय नावाची पंचवीस माणसं शोधायची, प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा असेल असं बघायचं आणि त्यांच्याशी झालेलं बोलणं पॉडकास्ट म्हणून लोकांना ऐकवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. तीस वर्षं रेडिओसाठी माणसांना बोलतं करत आले, त्यातलं तुझ्या उपयोगाचं काही असेल तर ते तुझ्याजवळ लिहिलेलं राहावं, म्हणून फोन न करता हे पत्र.

प्रश्नांच्या यादीपासूनच सुरुवात करते. पहिलाच प्रश्न तू लिहिला आहेस, "विजय या नावाचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला?" तो काढून टाक. "खऱ्या अर्थाने विजयी झालो असं कधी वाटलं?" हा तर आधी काढ. असं विचारलं की साधा माणूससुद्धा सत्कार समारंभात बोलल्यासारखा बोलायला लागतो. नाव आपण जन्मभर वापरतो, त्याचा विचार करत बसत नाही. तुझ्या या कामात नावाचा उपयोग वेगळाच आहे. नाव नसतं तर तू कुणाकडे गेली असतीस? ज्यांचे फोटो आधीच छापून आलेत त्यांच्याकडे. नावामुळे तू जाशील एखाद्या कल्हईवाल्याकडे, एसटीच्या चालकाकडे, दस्त लिहून देणाऱ्याकडे, रक्त तपासणाऱ्याकडे. नाव तुला त्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडेल. आत गेल्यावर मात्र त्यांच्या कामाबद्दलच बोल.

तुला क्रिकेट आवडतं, म्हणून एक जुना सामना सांगते. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम, पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत. तेव्हा हे संघ धर्मावर पाडलेले असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि या चौघांत न बसणाऱ्यांचा पाचवा संघ, 'द रेस्ट'. हिंदूंकडून विजय मर्चंट खेळले आणि त्यांनी नाबाद २५० धावा काढल्या. ५ बाद ५८१ वर डाव घोषित झाला. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑननंतर त्यांच्याकडून विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचा वाटा २१. एवढं करूनही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

एका विजयने अडीचशे काढल्या, दुसऱ्याने तीनशेनऊ, आणि दोघं समोरासमोर. का? मर्चंट मुंबईच्या गिरणीमालक गुजराती घराण्यातले, हजारे सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती. ते विजय या नावात कुठेच दिसत नाही. ते मधल्या नावात दिसतं. विजय माधवजी मर्चंट. विजय सॅम्युअल हजारे. महात्मा गांधींनी १९४० मध्येच या सामन्यांना विरोध केला होता, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ते बंद झाले. १९४६ च्या उन्हाळ्यात हे दोघे विजय भारताच्या एकाच संघातून इंग्लंडला गेले. पुढे १९५२ मध्ये लीड्सच्या कसोटीत कर्णधार हजाऱ्यांना साथ द्यायला तिसराच विजय आला, विजय लक्ष्मण मांजरेकर, वीस वर्षांचा मुलगा. ३ बाद ४२ अशी अवस्था असताना या दोघांनी २२२ धावा जोडल्या. हे वाचताना मला प्रत्येक वेळी भरून येतं.

एवढं सगळं लिहिलं ते मधल्या नावासाठी. आपल्याकडे माणसाचं पूर्ण नाव घेतलं की बापाचं नाव आपोआप येतं. नाटककार तेंडुलकर हे विजय धोंडोपंत. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला ते भटकर विजय पांडुरंग, अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. तुझे पंचवीसजण पहिल्या नावाने सारखे असतील, दुसऱ्या नावाला प्रत्येकाचं घर वेगळं उघडेल. म्हणून एक कर. आवाजाची पातळी तपासायला आपण पाहुण्याला "काहीतरी बोला" म्हणतो आणि तो बिचारा "हॅलो, हॅलो" करतो. त्याऐवजी "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हण. बहुतेकजण शाळेत हजेरी दिल्यासारखं सांगतील. मग सहज विचार, वडील काय करायचे? पुष्कळदा मुलाखत तिथेच सुरू झालेली असते, आणि पाहुण्याला अजून वाटत असतं की आपण माइक तपासतोय. रेकॉर्डिंग चालू आहे हे मात्र त्याला आधी सांगितलेलं हवं. चोरून काही घ्यायचं नाही.

आडनावही नीट विचारून घे. मर्चंटांचं घराणं मूळचं ठाकरसी. शाळेत बाईंनी नाव विचारलं, वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि दोन्ही उत्तरं एक होऊन मुलगा 'विजय मर्चंट' झाला, अशी गोष्ट सांगतात. विचारणाऱ्याने अर्धवट ऐकलं की माणसाला ते जन्मभर पुरतं. याच मर्चंटांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम पुढे विविध भारतीवर रविवारी दुपारी लागायचा. आमच्या घरी तो सुरू झाला की स्वयंपाकघरात भांडं वाजवायची सोय नसे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असं फार वाटतं.

बरीच वर्षं झाली. तालुक्याच्या गावी एका निवृत्त वायरमनची मुलाखत घ्यायला गेले होते. योगायोगाने तेही विजयच. ओट्यावर सतरंजी टाकलेली, मांडीवर दोन्ही हात उपडे ठेवून बसलेले. मी विचारलं, नोकरीतला अविस्मरणीय प्रसंग? त्यांनी पुराच्या वर्षीचा एक प्रसंग सांगितला. चांगला होता, पण दहा ठिकाणी सांगून गुळगुळीत झालेला. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं आणि मी विचारलं, पोलवर चढल्यावर पहिला हात कसा लावायचा?

त्यांनी उजवा हात उचलला आणि उलटा केला. म्हणाले, "असा. परमिट घेतलेलं असू द्या, लाइन बंद आहे म्हणून शंभर जणांनी सांगू द्या, आधी उलटा हात. सुलटा लावला आन् करंट असला तर मूठ आवळते. तार सुटत न्हाई." रेडिओवर हात दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "म्हणजे हाताची मागची बाजू." ते म्हणाले, "हां, नखांची बाजू." हे 'नखांची बाजू' मला कुठल्याही तयार प्रश्नातून मिळालं नसतं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर हेल्पर असताना ज्यांच्या हाताखाली होते त्यांच्याबद्दल ते बराच वेळ बोलले. ते सगळं सोनं होतं.

तुझ्या यादीत 'यशाचं रहस्य' आहे, 'तरुणांना संदेश' आहे. त्यांच्या जागी असं काहीतरी घाल. कामावर गेल्यावर पहिली गोष्ट काय करता? कुठल्या आवाजावरून कळतं की काहीतरी बिघडलंय? हे काम हातात बसायला किती दिवस लागले? पॅथॉलॉजीवाला विजय असो की पखवाजवाला विजय, या प्रश्नांना प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर असतं.

तर चूक. शेवटी मी वायरमनकाकांना विचारलं, तुम्हाला कोण काय म्हणतं? ते खुलले. "खात्यात विजयभाऊ. बरोबरची पोरं विज्या. आई विजू म्हणायची." मी विचारलं, "आता विज्या म्हणणारं कोण आहे?" ते थांबले. आणि त्या थांबण्याने मी घाबरले. शांतता म्हणजे कार्यक्रम पडला, असं तेव्हा डोक्यात पक्कं बसलेलं. मी लगेच पुढचा प्रश्न टाकला, पेन्शनचा की कशाचा. त्यांनी त्याचं उत्तर दिलं, चहा झाला, मी निघाले. रात्री टेप ऐकली. ते थांबतात, दोन सेकंद काही नाही, मग बोलायला म्हणून त्यांनी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि त्या श्वासावर माझा आवाज येतो. पुन्हा जायचं ठरवलं होतं, पण मी गेले नाही. काही महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही.

म्हणून समोरचा थांबला की तू थांब. मनात दहापर्यंत मोज, पायाच्या अंगठ्याने चप्पल दाबून धर, काहीही कर, पण बोलू नकोस. मान हलवलीस तरी पुरे. आणि हा कोण काय म्हणतं, आता कोण उरलंय, हा प्रश्न पंचवीसांतल्या प्रत्येकाला विचार, अगदी शेवटी विचार. नावाबद्दल विचारायचाच असेल तर हा एवढाच.

आणखी एक. तुझ्या यादीत सगळे पुरुष आहेत. विजया का नकोत? त्यांच्या वाट्याला नावाची गोष्ट जास्तच आली आहे. रंगभूमीवरच्या विजयाबाई आधी विजया जयवंत, मग विजया खोटे, मग विजया मेहता. आडनावं बदलली, पहिलं नाव टिकलं. पुष्कळजणींचं तेही टिकलं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे, हे तू ऐकलं असशील. म्हणजे माहेरची विजया सासरी दुसरंच कुणी झाली, किंवा माहेरची दुसरी कुणी सासरी विजया झाली. अशी एखादी परिचारिका, एखादी अंगणवाडी सेविका, एखादी खानावळवाली तुला भेटली तर तिला एक भाग पुरणार नाही, दोन कर. शोधताना हेही लक्षात ठेव की विजय, संजय, अजय ही नावं बहुतेक तुझ्या आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या पिढीची. तुझ्या वयाचा विजय क्वचितच मिळेल, म्हणून तो मिळाला की सोडू नकोस. आणि 'विजय किराणा' अशी पाटी दिसली तर गल्ल्यावर बसलेला माणूस विजय असेलच असं नाही, विजय त्याचा मुलगा असू शकतो. मग त्या मुलाला गाठ. दुकान त्याच्या नावावर चालतं आणि तो कुठे आहे, ते विचार.

यंत्राचं थोडक्यात. पंखा बंद करायला लाव, कुकर लावला आहे का ते आधी विचार, फोन फ्लाइट मोडवर टाक. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. हेडफोन कानात हवाच. उठण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेव, जोडकामात तो लागतो. त्याच रात्री रेकॉर्डिंग दोन ठिकाणी उतरवून ठेव. नोकरीत असलेला माणूस साहेबाबद्दल काही बोलून गेला असेल तर ते लोकांना ऐकवण्याआधी त्याला पुन्हा विचार. तो नको म्हणाला तर काढ, कितीही चांगलं असलं तरी काढ. त्याची नोकरी तुझ्या भागापेक्षा मोठी आहे.

पहिला भाग कुणाचा घ्यावा असं तू विचारलं आहेस. यादीतल्या कुणाचाच नको. आधी आजीकडे जा. आजोबा काय काम करायचे ते आजींना विचार, डबा किती वाजता लागायचा, घरी आल्यावर कपड्यांना कसला वास यायचा. मी तुमच्या घरी इतकी वर्षं येतेय, आजींच्या तोंडून 'विजय' हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. 'अहो' म्हणायच्या, नाहीतर 'ह्यांचं' म्हणायच्या. ते नाव त्या घेतील एकाच तऱ्हेने. लग्नात घेतलेला उखाणा आठवतो का, विचार. विचारण्याआधी रेकॉर्डर चालू आहे ना ते बघ, आणि त्या आठवत असताना मध्ये बोलू नकोस.

माझे मोठे हेडफोन तुझ्यासाठी काढून ठेवले आहेत. रविवारी आलीस की ने.

तुझी,
मावशी