फ्रेंच शब्दसंग्रह वाढवताना

फ्रेंच शब्दांची यादी करून प्रत्येकापुढे एक इंग्रजी प्रतिशब्द लिहायचा, ही पद्धत सुरुवातीला सोयीची वाटते. मात्र नाम लिहिताना त्याआधीचे 'ल' किंवा 'ला' हे उपपदही सोबत लिहाच, कारण 'ल लीव्र' म्हणजे पुस्तक आणि 'ला लीव्र' म्हणजे पौंड, आणि शब्दांची लिंगे मागाहून वेगळी पाठ करणे फार जड जाते.

1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले, त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्याला बराच शब्दसाठा आयता मिळतो. 'लिबेर्ते'वरून 'लिबर्टी' सहज ओळखू येते. स्वरावर टोपीसारखे चिन्ह दिसले, तर तेथे पूर्वी 'स' होता का, हे जरूर पाहावे. 'फोरे' म्हणजे 'फॉरेस्ट' आणि 'ओपिताल' म्हणजे 'हॉस्पिटल', हे मग चटकन उमगते. (हे चिन्ह दरवेळी 'स'चेच असते असे नाही.)

तरीही या साम्यावर विसंबून राहू नका. 'लिब्रेरी' हे पुस्तकांचे दुकान असते, ग्रंथालयाला 'बिब्लिओतेक' म्हणतात. 'आक्त्युएलमाँ'चा अर्थ 'सध्या' असा आहे, 'खरे तर' असा नव्हे. अशा फसव्या शब्दांसाठी वेगळी वही ठेवावी आणि प्रत्येक शब्दाखाली एक छोटे वाक्य लिहावे. नुसता प्रतिशब्द येथे कुचकामी ठरतो. उजळणीच्या वेळी फ्रेंच बाजू झाकून इंग्रजीवरून शब्द आठवावा आणि तो उपपदासह मोठ्याने म्हणावा, कारण फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजने अनेकदा उच्चारली जात नाहीत.