बी.कॉम. नंतर आर्थिक आणि संगणक गुन्ह्यांच्या तपासात उतरायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. आणि जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशोबाची सरकारी पदविका) झालंय, विट्यात एका लेखापरीक्षकांकडं पतसंस्थांचं ऑडिट करताय, आणि आता संस्था-कंपन्यांमधले घोटाळे आणि संगणकावरून होणारे गुन्हे यांच्या तपासात जायचंय. त्यासाठी कोणता कोर्स करावा, कोणतं सॉफ्टवेअर शिकावं, आणि सांगली जिल्ह्यात राहून हे काम मिळतं का?

मी सांगलीत २६ वर्षं प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून काम करतोय. गेल्या दहा-बारा वर्षांत बहुतेक काम अपहाराच्या प्रकरणांचं आहे, कधी सहकार खात्याच्या आदेशानं, कधी पोलिसांना हिशोब उलगडून द्यायला. त्या अनुभवावरून सांगतो.

कोर्स आणि सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. एक्सेल पक्कं हवं, पिव्होट टेबल डोळे झाकून करता आलं पाहिजे. पण एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते आणि मोठ्या संस्थेचे व्यवहार त्यात मावत नाहीत, म्हणून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा, शिका. दोन-तीन महिन्यांत कामापुरतं येतं. डिस्कची हुबेहूब प्रत कशी घेतात आणि पुसलेल्या फायली कशा वर येतात हे समजायला एफटीके इमेजर आणि ऑटोप्सी ही साधनं फुकट मिळतात. घरच्या जुन्या पेन ड्राइव्हवर सराव करा. पदवीच हवी असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. पण तुम्ही जे आज करताय, व्हाउचर हातात घेऊन खतावणीशी ताडून बघणं, त्याचा पाया नसेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तो तुमच्याकडं आहे.

आता खरं कसब कशात आहे ते एका प्रकरणावरून सांगतो.

बेदाण्याचं तारण कर्ज तुम्हाला माहीत आहे. माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, तिथली पावती पतसंस्थेत गहाण टाकायची आणि कर्ज उचलायचं. तासगाव भागातल्या अशाच एका संस्थेत ३८ पावत्यांवर कर्जं दिलेली होती आणि एकही फिटत नव्हतं. मी गेलो तेव्हा कागद इतके चोख होते की पहिले चार दिवस मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. पावतीवर सही-शिक्का, स्टोरेजच्या स्टॉक रजिस्टरला तीच नोंद, बॉक्सची संख्या जुळलेली, वजन जुळलेलं. जुळणारच होतं, कारण दोन्ही कागद एकाच माणसाच्या सांगण्यावरून तयार झाले होते.

गाठ सुटली ती हमालांच्या वहीत. कोल्ड स्टोरेजला माल उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम एक वही ठेवतो. कुठल्या दिवशी कुठं किती बॉक्स उतरवले आणि कोण कोण कामावर होतं, हे त्याला लिहावंच लागतं, कारण संध्याकाळी त्यावरून हमाली वाटायची असते. पावत्यांप्रमाणे ज्या दिवशी हजारो बॉक्स आत आले, त्या दिवशी ती टोळी दुसऱ्याच स्टोरेजला होती. मुकादमाला या कर्जांशी काही देणंघेणं नव्हतं, आणि पावत्या रचणाऱ्याला ही वही आहे हे सुचलंही नव्हतं.

ताई, माझ्या २६ वर्षांच्या कामाचं सार विचाराल तर ते हेच आहे. गुन्हा करणारा आपल्या ताब्यातल्या नोंदी बदलतो. पण प्रत्येक व्यवहाराची एक नोंद दुसऱ्याच्या घरात असते, आणि ती थेट त्या घरातून आणावी लागते. सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण आठवा, ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांच्या पत्रानं फुटलेलं. ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. शिलकेची पत्रं आली की तपासलं असं होत नाही. ती पत्रं कोणाच्या हातून मागितली आणि कोणाच्या हातून आली हे बघायचं असतं, आणि तिथं ते सुटलं होतं. तुम्ही पतसंस्थेत जाता तेव्हा जिल्हा बँकेच्या शिलकेचा दाखला संस्थेचा क्लार्क आणून देतो ना? उद्यापासून तो स्वतः बँकेत जाऊन घ्या.

आपल्याकडं आणखी एक अडचण असते, ती म्हणजे महापूर. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि खरोखरच कितीतरी संस्थांचं दप्तर चिखलात गेलं. पण त्यानंतर कित्येक ठिकाणी, जिथं पाणी उंबऱ्यालाही लागलं नव्हतं तिथंसुद्धा, ‘दप्तर महापुरात भिजलं’ हे उत्तर ऐकलंय. वाद घालत बसू नका. पंचनाम्याची प्रत मागा, आणि दप्तर बाहेरून उभं करायला घ्या. सभासदांची पासबुकं, बँकेचे उतारे, सहकार खात्याकडं गेलेले जुने लेखापरीक्षण अहवाल, कापलेल्या टीडीएसची विवरणपत्रं. एका संस्थेची तीन वर्षांची ठेवखाती आम्ही नुसत्या पासबुकांवरून पुन्हा बांधली. म्हाताऱ्या माणसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पासबुकं होती ती. संस्थेच्या कुठल्याही सर्व्हरपेक्षा ती जास्त भरवशाची निघाली.

परत बेदाण्याकडं येतो, कारण त्यातला संगणकाचा भाग तुम्हाला समजला पाहिजे. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. व्हाउचरची तारीख माणूस टाकतो, आणि नोंद प्रत्यक्ष कधी झाली ती वेळ सर्व्हर आपोआप टाकतो. स्क्रीनवर पहिलीच दिसते, दुसरी आत टेबलात पडून असते. ती आम्ही सॉफ्टवेअरवाल्याकडून पंचांसमोर काढून घेतली. व्हाउचरच्या तारखा फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पसरलेल्या होत्या, पण ३८ च्या ३८ नोंदी दोन रात्रींत, नऊ वाजल्यानंतर, ओळीनं एकामागोमाग झालेल्या होत्या. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे, टॅलीत तुम्ही एडिट लॉग पाहिला असेल. पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्ये काय साठवलं जातं ते मात्र दर वेळी विचारून घ्यावं लागतं.

त्या सगळ्या नोंदींवर एकाच क्लार्क मुलीचा युजर आयडी होता. मी अहवालाच्या मसुद्यात तिचं नाव लिहिलं. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे मला आजही बोचतं. सवय म्हणून हजेरीपट बघितला तर त्या दोन्ही तारखांना ती बाळंतपणाच्या रजेवर होती, त्यातल्या एका रात्री तर मिरजेच्या दवाखान्यात दाखल. तिचा पासवर्ड काउंटरच्या मागं कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहिलेला होता आणि अख्ख्या ऑफिसला ठाऊक होता. अहवाल तसाच गेला असता तर ओली बाळंतीण आरोपी झाली असती, आणि गावात त्या घराचं काय झालं असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर मी एक नेम केला. युजर आयडी म्हणजे माणूस नव्हे, मोबाइल नंबर म्हणजे माणूस नव्हे, आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) म्हणजे तर नव्हेच. एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन नोंदी एकाच माणसाकडं बोट दाखवेपर्यंत अहवालात नाव येत नाही. त्या प्रकरणात त्या तीन अशा मिळाल्या: सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये नोंद करणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव होतं, तो एका अधिकाऱ्याच्या केबिनमधला निघाला. त्याच कॉम्प्युटरच्या विंडोज लॉगमध्ये त्या वेळेला लॉगिन झाल्याची नोंद होती. आणि रात्रीच्या वॉचमनच्या रजिस्टरला कोण किती वाजता बाहेर पडलं ते लिहिलेलं होतं. सीसीटीव्ही असता तर चौथी मिळाली असती, पण डीव्हीआरवर जुनं चित्रण काही दिवसांत पुसून नवं बसतं. म्हणून प्रकरण हातात आल्या दिवशीच ते जतन करण्याचं पत्र द्यायचं, बाकी सगळं नंतर.

आयपी अ‍ॅड्रेसबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं चुकीच्या माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नुसता आयपी दिला तर एकाच्या जागी नावांची यादी येते. आयपीसोबत पोर्ट नंबर (वाटून दिलेल्या आयपीतला एकेका जोडणीचा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आणि ती वेळ कुठली हे बघा. परदेशी सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवल्यावर आपली वेळ येते. लॉगमधले १६:०० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. पत्रात ती वेळ तशीच उतरवली की दुपारी चार वाजता तो आयपी वापरणाऱ्या भलत्याच ग्राहकाचं नाव हातात येतं. ही माहिती तुम्हाला मला मागता येत नाही, ती पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. पण पत्रातला तक्ता पुष्कळदा आपण बनवून देतो, तेव्हा वेळेच्या दोन्ही रकान्यांवर ‘यूटीसी’ आणि ‘भाप्रवे’ (भारतीय प्रमाणवेळ) असं स्पष्ट लिहा.

पैसा ऑनलाइन गेला असेल तर मात्र तपासाच्या आधी धावपळ. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याला नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला की आमचं बँक खातं बदललंय. पत्त्यातलं एक अक्षर वेगळं होतं. त्यांनी पैसे पाठवले आणि खात्री करायला दोन दिवसांनी फोन केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फार थोडी उरते. फोन करताना यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराला बँकेकडून मिळालेला, क्रमांक हाताशी हवा. यूपीआयचा १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ अक्षर-अंकांचा, आरटीजीएसचा २२.

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या एटीएम यंत्रणेला बगल देऊन खोट्या मंजुऱ्या दिल्या गेल्या आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. घुसखोरी जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून झाली असेल ती असो, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात एटीएमसमोर कार्ड घेऊन माणसंच उभी होती. एटीएममधलं चित्रण आणि मोबाइलच्या नोंदी यांवरून ती सापडली. पैशाला कुठंतरी हात लागतोच, तिथं शोधा.

पुराव्याचं कायदेशीर अंग दुर्लक्षू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब ची जागा कलम ६३ नं घेतलीय. संगणकीय पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एसएचए-२५६ काढलं की ६४ अक्षर-अंकांची ओळ येते, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणून आधी हॅश, तो पंचनाम्यात, मग प्रत, आणि काम फक्त प्रतीवर. ‘जरा उघडून बघू’ म्हणून मूळ कॉम्प्युटर चालू केला की फायलींच्या वेळा बदलतात आणि उलटतपासणीत वकील नेमकं तिथंच धरतो. प्रमाणपत्राला किती वजन आहे हे आपल्याच राज्यातल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यावरून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्कं करून ठेवलंय. बँकेच्या उताऱ्यांना १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्याखालचा दाखला लागतो, तो मागायला विसरू नका.

माणसांना प्रश्न विचारायचे ते शेवटी. सगळ्या नोंदी हातात आल्यावर, आणि तेही ‘तुम्ही हे केलंत का’ असे नाहीत. ‘पावती आली की पुढं काय काय होतं, मला दाखवा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसून लिहून घ्या. अहवाल साध्या मराठीत लिहा. काय दिसलं ते एका भागात, त्यावरून काय वाटतं ते दुसऱ्या. पैशाचा प्रवास एका मोठ्या कागदावर बाणांनी काढा. न्यायाधीशांसमोर मी कित्येकदा तेवढा एकच कागद उघडून उभा राहिलोय.

इथं राहून काम मिळतं का? मिळतं. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखालचे गुन्हे, सहकार कायद्याच्या कलम ८३ (संस्थेच्या कारभाराची) आणि ८८ (नुकसानीची जबाबदारी ठरवण्याची) खालच्या चौकश्या, सगळ्यांना हिशोब वाचणारं माणूस लागतं, आणि हिशोब आणि कॉम्प्युटर दोन्ही येणारी माणसं आपल्या भागात कमी आहेत. पैसे उशिरा मिळतात, कधी दबाव येतो, साक्षीला वर्षानुवर्षं जावं लागतं. घरी हे आधी बोलून ठेवा.

तुमच्या सध्याच्या ऑडिटमधली एक संस्था निवडा, सरांची परवानगी घेऊन तिच्या मार्चअखेरच्या नोंदींची सर्व्हरवरची वेळ मागून बघा, आणि व्हाउचरच्या तारखेशी लावा. काय दिसतं ते इथं लिहा, संस्थेचं आणि कोणाचंही नाव न घालता. मी वाचून सांगतो.