ईमॅक्समध्ये शेलचेक: लाल रेघ दिसते म्हणजे ते चालतंय असं नाही

तुमची पोस्ट वाचली: मॅकवर ईमॅक्स या एडिटरमध्ये फ्लायचेक (लिहितानाच चुकांखाली रेघ मारणारं प्लगइन) टाकलंत, ब्रूने (होमब्रू, प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं साधन) शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका पकडणारा प्रोग्रॅम) घेतलंत, टर्मिनलमध्ये ते ढीगभर चुका दाखवतं, पण एडिटरमध्ये तीच फाइल एकदम स्वच्छ. इथवर ठीक. पण पुढे तुम्ही लिहिलंय, 'सिंटॅक्सच्या चुका दिसतात, म्हणजे प्लगइन चालू आहे.' ते वाचून राहवलं नाही. याच समजुतीत मी तीन आठवडे काढले.

स्क्रिप्ट बॅश या शेलची असली की फ्लायचेक आधी खुद्द बॅशकडून नुसतं व्याकरण तपासून घेतं, मग शेलचेकचा नंबर. शेलचेक सापडलंच नाही तर फ्लायचेक ओरडत नाही, त्याला गुपचूप वगळतं. 'इफ' बंद करणारं 'फाय' विसरल्यावर येणारी लाल रेघ बॅशची असते.

माझ्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये जुना फोल्डर उडवणारी एक ओळ होती, व्हेरिएबलला अवतरणचिन्हं न घातलेली. रेघ नाही, म्हणजे बरोबरच असणार! एके दिवशी फोल्डरचं नाव निघालं 'जुने फोटो'. मधल्या स्पेसवर त्याचे दोन तुकडे झाले आणि आरएम या फाइली उडवणाऱ्या कमांडने दुसरा तुकडा, म्हणजे नुसतं 'फोटो', चालू डिरेक्टरीत शोधला. ती होती माझी होम डिरेक्टरी, आणि मूळ फोटो तिथेच. अर्धेअधिक परत मिळाले, बाकीचे गेले. शेलचेकची एससी२०८६ ही सूचना (व्हेरिएबलला अवतरणचिन्हं घाला, असं सांगणारी) नेमकी यासाठीच असते.

शेलचेक न सापडण्याचं कारण पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी. डॉकवरून उघडलेल्या ईमॅक्सला टर्मिनलच्या झेडशेलमधला पाथ मिळत नाही आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर (एम-चिपच्या मॅकवर) ब्रूचा मुक्काम 'ऑप्ट'खालच्या 'होमब्रू'मध्ये. शेलचा पाथ ईमॅक्सला देणारं 'एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल' पॅकेज घ्या आणि इनिट फाइलमध्ये (ईमॅक्सच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) त्याचं इनिशलाइज फंक्शन बोलवा. नुसतं इन्स्टॉल करून काही होत नाही. मग स्क्रिप्ट उघडून कंट्रोल-सी, उद्गारचिन्ह, व्ही दाबा. शेलचेकसमोर एक्झिक्युटेबलचा पूर्ण पत्ता दिसला तरच विश्वास ठेवा. (लिनक्सवर माझा अनुभव तोकडा आहे, तिथलं कुणीतरी सांगेल.)

मी आता कुठल्याही नव्या मशीनवर आधी मुद्दाम चुकीची ओळ लिहितो: एको (मजकूर छापणारी कमांड) आणि पुढे अवतरणाशिवाय व्हेरिएबल. बोंब आली नाही तर कामाला हातच लावत नाही. 'कटकट नको' म्हणून शेलचेकची सिव्हेरिटी (सूचनांची किमान पातळी) 'वॉर्निंग'वर नेऊन ठेवू नका, एससी२०८६ 'इन्फो' पातळीवर येते, तीच गायब होईल. नको असलेली सूचना त्या ओळीपुरती कॉमेंटने बंद करा. शेलचेकआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये सरसकट बंद करणाऱ्यांशी माझं पटत नाही, मग कितीही अनुभवी असोत.

फ्लायचेकचा कंटाळा आला असेल तर ईमॅक्स २९पासून अंगच्या फ्लायमेकलाही (ईमॅक्ससोबतच येणारा, तेच काम करणारा तपासनीस) शेलचेक जोडता येतं. पाथचं दुखणं मात्र तिथेही तेच.